उजवीकडचा मेनू

"माझा मेनू कुणी उडवला?" सासूबाई कडाडल्या.

दवाखान्यातून आल्यावर आज पहिल्यांदाच त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. मेंदूतल्या गुठळीनं त्यांच्या नजरेची डावी बाजू नेली होती. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची आणि वर "आज भाजी नाही केली वाटतं?" असा टोमणाही यायचा. जन्मभर मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढलेली बाई ती. अर्धवट राहिलेली बकरी पडद्यावर होती, पण त्यांना दिसत होती नुसती शेपूट आणि मागचे पाय.

"संपलं सगळं. द्या हे धूड भंगारात," त्या म्हणाल्या.

"थांबा हो आई. आधी माझ्या डेस्कटॉपवर बसून बघा," सून म्हणाली.

घरात कॉम्प्युटर एकच, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स. त्याची गंमत अशी, की आत शिरतानाच ते विचारतं, कुठला डेस्कटॉप हवा? यंत्र तेच, मांडणी ज्याची त्याची. सासूबाईंचा मेनू डावीकडे, चार लोकांचा असतो तिथं. सुनेनं मात्र शोधून शोधून असा डेस्कटॉप निवडला होता, की हवं ते हवं तिथं हलवता यावं. आणि मेनू, घड्याळ, सगळं बिऱ्हाड उजव्या कडेला नेऊन थाटलं होतं. "जगाच्या उलटी," सासूबाई चिडवायच्या. येता-जाता डावं कोपर दाराच्या चौकटीवर आपटायची म्हणून "वेंधळी"ही म्हणायच्या. सून हसायची आणि मेनू होता तिथंच ठेवायची.

आता तिनं तो उलटा डेस्कटॉप उघडला, त्यात बकरीचं चित्र आणलं. पडद्यावरची रंगपेटीही उजवीकडे ओढून दिली. पडद्याच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली. मग नेहमीसारखी सासूबाईंच्या उजव्या हाताला खुर्ची घेऊन बसली.

"नुसते डोळे नका फिरवू. मान वळवा. लाल पट्टी दिसेपर्यंत वळवा."

सासूबाईंनी मान वळवली. लाल पट्टी आली, आणि तिच्या अलीकडे बकरीचं तोंड. अगदी शहाण्यासारखं वाट बघत असलेलं.

"अगं बाई! आहे की इथंच!"

त्यांनी उजवीकडून तपकिरी रंग उचलला आणि बकरीचा कान रंगवला. रंग जरा बाहेर गेला. जाईना का! हात अजून चालत होता. त्यांना सुनेला मिठीच मारावीशी वाटली.

"देवासारखी धावलीस गं. कुठल्या डॉक्टरनं शिकवलं हे?"

"डॉक्टर कशाला? माझा डावा डोळा लहानपणीच गेलाय, आई. चेंडू लागला होता. वरून कळत नाही कुणाला. आधी सांगायची भीती वाटली, मग राहूनच गेलं."

सासूबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जगाच्या उलटी, वेंधळी, काय काय म्हटलं होतं तिला! मग एकदम त्यांचं लक्ष त्या खुर्चीकडे गेलं. दवाखान्यातल्या पहिल्या दिवसापासून सून अशीच त्यांच्या उजवीकडे बसत आली होती, म्हणजे त्या तिच्या डावीकडे.

"अगं, म्हणजे मला दिसावीस म्हणून तू इथं बसायचीस... आणि तुला मी दिसतच नव्हते?"

सुनेनं पूर्ण मान वळवली आणि हसली.

"बोलणी ऐकू येत होती की, आई. म्हटलं, आहात."