सवतीचा निरोप

"हे बाई आत राह्यली तं मी माह्या बायकोले टेबलावर झोपू देनार नाही," जगदेव डॉक्टरीणबाईंना म्हणाला.

ही बाई म्हणजे गंगू, वाशिमच्या दवाखान्यातली आया. काही वर्षांमागं तीच जगदेवची बायको होती. पोटातली पोरं मरत गेली, रक्तात गरमीचा रोग निघाला आणि यानं 'रोगट आहे' म्हणून अख्ख्या आसेगावादेखत तिला घराबाहेर काढलं. रोग बाजारातून कोणी आणला, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण मेला मूग गिळून बसला. याला एक ना एक दिवस रडवायचं, अशी खूणगाठ गंगूनं तेव्हाच बांधली होती.

आणि आता तिची सवत अंजना तिच्याच समोर कळा देत होती. पोर आडवं आलेलं, अन् रक्तात तोच रोग.

"माझ्या टेबलाशी कोण राहील ते मी ठरवीन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोग आहे म्हणून सिझरला भ्यायचं कारण नाही. इंजेक्शनं चालू केलीत, अवजारं नीट उकळू, दोघंही वाचतील. पण तुमचंही रक्त तपासायला हवं."

जगदेवचं तोंड उतरलं. त्याच्या मायनं, गोजराबाईनं, त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"रगत देतं कायले? गावात कळलं तं तोंड दाखवाले जागा राह्यनार नाही. चाल घरी."

जाता जाता ती गंगूपाशी थांबली. एरवी गंगूची सावलीही तिला चालत नव्हती, पण गरज पडली की जीभ वळते.

"पोरगं झालं तं निरोप आन. आमी नेऊ त्याले. बाई मेली तं गावात आनू नका, इकडंच उरकून टाका."

"बरं," गंगू म्हणाली.

अंजनाच्या कानावर सगळं पडलं होतं. मायलेक दिसेनासे झाल्यावर तिनं गंगूचा हात धरला.

"बाई, मले आता त्या घरी नाही जायचं."

"नाही जानार तू," गंगू म्हणाली. "मी पायतो काय करायचं ते." आणि तिनं ऑपरेशनच्या खोलीचं दार लावून घेतलं.

दोन-तीन दिवसांनी गंगू आसेगावच्या फाट्यावर एसटीतून उतरली. जगदेव ओसरीवरच होता.

"तू कायले आली? पोरगं झालं काय?"

"पोरगंच होतं. गुटगुटीत." गंगूनं ओसरीखालीच उभं राहून सांगितलं. "दोघंही गेले. तुह्या मायनं सांगतलं तसं तिकडंच उरकलं."

गोजराबाई ऊर बडवत बाहेर आली. नातू, नातू करत तिनं जमीन धरली. सुनेचं नाव काही तिच्या तोंडून निघालं नाही.

"तूच मारलं त्याहिले," जगदेव ओरडला. "टेबलाजवळ तूच होती."

"असन. जाय पोलिसात. कायनं मेली ते इचारतीन, मंग तुह्यंही रगत तपासतीन."

शेजारीपाजारी जमले. जगदेव आता उठून हिची मानगूट धरतो, असं सगळ्यांना वाटलं. पण तो गुडघ्यात डोकं घालून पोरासाठी हमसून हमसून रडायला लागला. गंगूनं ते रडणं पोटभर पाहिलं. तिला गोड वाटलं, खोटं कशाला बोला.

दिवेलागणीला ती दवाखान्यात परतली. हातपाय धुऊन बायकांच्या वॉर्डात गेली आणि कोपऱ्यातल्या खाटेचा पडदा सारला.

"सांगतलं का बाई, आमी मेलो म्हनून?" पोराला दुसऱ्या अंगाला घेत अंजनानं विचारलं.