रिजका

इंदिराबाईंनी अंडं फोडलं आणि पेला हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. दुधावर बलक तरंगत होता. फिका, हळद विसरलेल्या वरणासारखा.

रोज हे काम त्यांच्या मुलाचं, मालोजीचं. खुराड्यातून अंडी काढायची, एक दुधात फेटायचं, आजारी बहिणीला स्वतः नेऊन पाजायचं. घरातली सगळी अंडी शांताचीच, दुसरं कुणी हात लावत नसे. "असा भाऊ इंदुरात दुसरा दाखवा," असं इंदिराबाई बडा गणपतीपर्यंत सांगत फिरायच्या. आज तो दाढी करत बसला होता, म्हणून फडताळातली टोपली त्यांनीच काढली.

"द्वारके! इकडे ये."

कोंबड्यांना दाणा घालणारी द्वारकाबाई झाडू टाकून आली.

"मका कुठे जातोय माझा? कोंबड्यांच्या पोटात तर जात नाही."

"रोज घालते की, बाईसाहेब. रिजका पण कापून घालते."

"चल, झूठी! सासऱ्यांचे घोडे खायचे तो हिरवा रिजका मी कोंबड्यांना घालते, तो बलक केशरी यावा म्हणून. आणि हे बघ! माझ्या पोरीच्या छातीत दम नाही, आणि तू तिच्या तोंडचं चोरतेस?"

द्वारकाबाईचे डोळे भरले. ती वळली, मागच्या अंगणात गेली, कोंबडीखाली हात घालून एक गरम अंडं घेऊन आली.

"फोडा."

इंदिराबाईंनी ते वाटीत फोडलं. बलक केशरी होता. वाटी कलती केली तरी तो मोडेना.

त्यांनी टोपलीकडे पाहिलं. मग ओसरीवर आरशासमोर बसलेल्या मुलाकडे.

"मालोजी, टोपलीतली अंडी कुठली?"

वस्तरा थांबला. "बाजारची."

"आणि आपली?"

"कचेरीतल्या साहेबांकडे जातात." त्यानं गालावरचा साबण पुसला. "ग्वाल्हेरचे आहेत, आईसाहेब. इंदूर-ग्वाल्हेर दोन्ही राज्यं एक झाली, आता एका खुर्चीला दोन-दोन कारकून. कुणाला ठेवायचं ते त्यांच्या हातात. एकदा नेली, तर बलक बघून म्हणाले, 'वाह, ज़र्दी है कि केसर!' मग रोजच..."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

शांताला अंडं दिवाळीतच सुरू झालं होतं.

"अंडं ते अंडंच की, आईसाहेब. तिला काय फरक पडतो?"

"मग तुमच्या साहेबाला का नाही चालत बाजारचं, मालोजीराव?"

मुलाला 'राव' लावून त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. मालोजीनं वस्तरा खाली ठेवला.

त्यांनी पेला मोरीत ओतला. नवं दूध घेतलं, वाटीतला बलक त्यात घालून फेटला आणि पेला त्याच्यापुढे धरला.

"घ्या. आज हे पाजा तिला. तुमच्याच हातानं."

तो आत गेला. इंदिराबाई दारात थांबल्या.

शांता उशीला टेकून बसली. एक घोट घेतला आणि तिनं तोंड वाकडं केलं. पेल्यात वाकून पाहिलं. मग भावाला वाईट वाटू नये म्हणून हसली.

"दादा, आज आपल्या कोंबड्यांनी दिली नाहीत का रे? हे बाजारचं दिसतंय."