अर्थिंग

निघोजे गावातल्या घरी बसून धनेश फोनवर ऑफिसातल्या ऋचाला फैलावर घेत होता. "स्क्रीनवरच्या इलेक्ट्रिक मोटारीला एसी व्होल्टेज सोडलंस आणि अर्थिंगच विसरलीस? डिग्री काय चाकणच्या बाजारातून कांद्यांबरोबर आणलीस? सॉफ्टवेअर आहे म्हणून एररवर भागलं. खरी मोटार असती तर हात लावणारा मेला असता, मॅडम!"

मोरीत धुणं घेऊन उभ्या असलेल्या इंदुताईंचा ऊर भरून आला. चित्रातल्या मोटारीला हात लावणाऱ्याचीसुद्धा केवढी काळजी माझ्या लेकराला! ओले हात पदराला पुसत त्या दाराशी आल्या. "बाळा, आपलं वॉशिंग मशीन आजबी झटका देतंय रं."

 

फोनवर हात ठेवून धनेश खेकसला, "आई, कितीदा सांगितलं, रबरी चप्पल घालून हात लावत जा!"