आईची बोट

विसरायला लागल्यापासून आईला घरात चैन पडत नव्हतं. चहा अर्धा टाकून ती उठायची, चपला घालायची आणि दाराची कडी काढायला लागायची. कुठे निघालीस, असं विचारलं की म्हणायची, "उशीर होतोय मला."

मुलगी बोटींची मेकॅनिक. तिने आईचीच जुनी हायड्रोफॉइल बोट भंगारवाल्याकडून शोधून आणली. वेग आला की ही बोट पाण्याखालच्या पंखांवर वर उचलली जायची, आणि आईने नोकरीभर ती प्रवाशांनी भरून चालवली होती. मुलीने गंजलेले पंख घासले, तडे सांधले, इंजिन सगळं उघडून पुन्हा जुळवलं.

पण चाचणीच्या दिवशी बोट काही पाणी सोडेना. नाक वर यायचं आणि धपकन खाली आपटायचं. मुलगी वेगाचा दांडा थोडा पुढे ढकलून पुन्हा मागे घेत होती. त्यात मागच्या बाकावर आईची चुळबुळ. "बस गं जरा," मुलगी वैतागून म्हणाली.

आई बसली नाही. ती सरळ पुढे आली, मुलीचा हात बाजूला सारून तिने सुकाणू धरलं आणि मुलगी जिथे कचरत होती, तिथून वेगाचा दांडा पुढे रेटला. बोट थरथरली आणि अलगद पाण्याच्या वर आली.

मुलीला हसू फुटलं. "आई, जमलं गं."

आईने समोरची नजर हलवली नाही.

"ताई, प्रवाशांनी इथे उभं राहायचं नसतं," ती शांतपणे म्हणाली. "जागेवर जाऊन बसा."