ताकाचं भांडं

माझ्या मुलानं, कुशनं, घरी केलेली पहिली बिअर आज उघडायची होती. शिकवणारा त्याचा होणारा सासरा, रॉजर. महिनाभर माझ्याच गॅरेजमध्ये दोघांचं गुळपीठ जमलं होतं आणि मला कुणी साधं बोलावलंही नाही. इथल्या, चँडलरच्या वाळवंटी उन्हाळ्यात बिअर आंबत ठेवलेली बादली तापू नये म्हणून कुश तिला ओले टॉवेल गुंडाळायचा आणि एक बुडबुडा आला की रॉजरला फोन करायचा. मी गणित शिकवायला बसलो की ह्याच मुलाला जांभया यायच्या! आता जेवणाच्या टेबलावर त्यानं बाटलीचं झाकण उडवलं, फेस आला, रॉजरनं त्याची पाठ थोपटली. "रॉजर, फर्स्ट ग्लास इज युवर्स!" कुश म्हणाला. मी उठलो, माझ्या भांड्यातलं ताक सिंकमध्ये ओतलं आणि रिकामं भांडं मुलासमोर धरलं. "बाबा, पण तू तर कधीच पीत नाहीस!" "माहितेय. आधी मला ओत."