उत्तराला लागणारा वेळ

भूकंपमापन केंद्राच्या तळघरात रोज सकाळी दहा वाजता मी यंत्राशेजारी तीनदा पाय आपटतो. लेखणी कागदावर तीन उभ्या रेघा काढते. यंत्र चालू आहे, याची तेवढीच खात्री.

सोमवारी माझ्या रेघांनंतर बारा सेकंदांनी आणखी तीन रेघा उमटल्या. पृथ्वीचं कवच संपून खाली प्रावरण सुरू होतं, तिथवर जाऊन परतायला लाटेला साधारण तेवढाच वेळ लागतो. प्रतिध्वनी असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

मंगळवारी नऊच सेकंद लागले. बुधवारी पाच. काल दोन.

माझंच काही चुकत असेल, म्हणून इतके दिवस गप्प होतो. आज भीत भीत साहेबांना तळघरातच, यंत्राशेजारी, कागद दाखवले आणि चाचणी नको म्हणालो.

"अहो पंडित, वाचून वाचून डोकं फिरलंय तुमचं," साहेब खेकसले. "जमीन काय गप्पा मारते तुमच्याशी? उद्यापासून घरी बसा."

"बसतो, साहेब. पण पाय आपटू नका."

"का? चावेल?"

त्यांनी दोनदा बूट आपटला. लेखणीने दोन रेघा काढल्या. तिसऱ्यांदा त्यांनी पाय उचलला, तोच जमिनीवरच्या त्यांच्या दुसऱ्या बुटाला खालून ठोका बसला. मग आणखी एक.

साहेबांनी माझा दंड घट्ट धरला. उचललेला पाय तसाच अधांतरी होता.

"पंडित," ते कुजबुजले, "हा कुठे ठेवू?"