सुरमईची जागा

“म्हणजे मी समुद्रात कुठं आहे, ते फोनला कळणार?” गोमा तांडेलानं चौथ्यांदा विचारलं.

“उपग्रहावरून. हवं तर घरच्यांनाही दिसेल,” दुकानदार कौतुकानं म्हणाला.

गोमानं फोन खाली ठेवला. देवळाचा कळस आणि दीपगृह एका रेषेत धरून शोधलेली सुरमईची जागा त्यानं सख्ख्या मेहुण्यापासूनही बावीस वर्षं लपवली होती. ती आता आभाळातल्या परक्याला सांगायची? “साधाच दाखवा.”

तेव्हा सोबत आलेली बायको पहिल्यांदाच बोलली. “मागच्या वादळात दोन दिवस धक्क्यावर उभी होते. मासे कुठं ते नका सांगू. तुम्ही कुठं आहात, तेवढं कळू द्या.”

गोमानं उपग्रह असेल तिकडे, म्हणजे पंख्याकडे, बराच वेळ पाहिलं. मग फोन तिच्या हातात दिला.

“हिला सगळं दिसू दे,” तो दुकानदाराला म्हणाला. “फक्त हिच्या भावाला दिसणार नाही, असं बटण आहे ना?”